टापांमधली खाली

घोड्याच्या टापांचा आवाज पुष्कळांनी ऐकलेला असतो. टापांच्या मध्ये पडणारी शांतता मात्र फार थोड्यांच्या कानी येते. सावकाश चालणाऱ्या घोड्याचे चार पाय चार वेगवेगळ्या वेळी जमिनीला लागतात आणि त्या चालीत रिकामी जागा कुठेच सापडत नाही. दुडकी सुरू झाली की पाय जोडीनं पडू लागतात, डावा पुढचा आणि उजवा मागचा एकदम, मग उजवा पुढचा आणि डावा मागचा, आणि या दोन जोड्यांच्या मध्ये एक इवलासा क्षण असा येतो की घोड्याचा एकही पाय जमिनीवर नसतो. ठेक्यात सम जितकी खरी, तितकीच खालीही खरी. डग्ग्याचा घुमारा थांबलेला असतो आणि तरी ताल चालूच असतो. टापांमधला तो क्षण म्हणजे अशी खाली. घोडा एखाद्या वाशावरून उडी घेतो तेव्हा ती लांबते. अंगाखालचा आवाज नाहीसा होतो, खोगिराचं चामडं एकदाच करकरतं, वारा कानांना लागतो, आणि मग जमीन पुन्हा बोलू लागते. माझ्या कितीतरी सकाळी त्या लांबलेल्या शांततेनं भरून गेल्या. ती मला दिली एका वयस्कर घोडीनं, जिला तोवर उडी मारायला कुणी कधी सांगितलंच नव्हतं.

तिचं नाव चंद्री. माझ्याकडे आली तेव्हा पंधराची झाली होती. नुकरा रंगाची, म्हणजे जन्मापासून पांढरी. नाकपुड्यांशी आणि डोळ्यांभोवती कातडी गुलाबी, उन्हानं लगेच पोळणारी, त्यामुळे तिच्याशी माझी सगळी मैत्री सकाळच्या कोवळ्या वेळीच झाली. दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याचा घोडेबाजार भरतो, तिथे ती शिंगरू असताना विकली गेली होती, आणि पुण्याच्या बाजूला आल्यावर तिचं सारं तरुणपण लग्नसराईत गेलं. तुळशीचं लग्न लागलं की तिचा हंगाम सुरू व्हायचा. डोक्यावर कलगी, अंगावर आरशांची झूल, पायांत घुंगरू, पाठीवर घामानं डबडबलेला नवरदेव आणि त्याच्यापुढे झोपेनं डुलणारं एखादं चिमुरडं. घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत, देवळापासून मांडवापर्यंत, पुढे बँड, मागे फटाके, दोन्ही बाजूंना नाचणारी माणसं. लगाम आखूड, मान उंच बांधलेली, पाऊल वीतभर. आपल्या पायांपुढची जमीनसुद्धा तिला धड पाहता येत नसे. किती संसारांची पहिली वाट तिच्या पाठीवरून गेली असेल! आणि त्या सगळ्या वर्षांत तिच्या स्वतःच्या टापांचा आवाज तिला ऐकू आला असेल का, हा प्रश्न मला आजही अस्वस्थ करतो.

डांबरी रस्त्यावरच्या टापा मला माझ्या लहानपणापासून ठाऊक आहेत. आजोळी जाताना आम्ही मिरजेला उतरायचो ते अपरात्री. स्टेशनाबाहेर टांगे उभे असायचे, कंदिलांचा पिवळा उजेड चाकांवर पडलेला, ओल्या गवताचा आणि लिदीचा उबदार वास. वडील पुढे टांगेवाल्याशेजारी बसायचे, मी आईच्या कुशीत, आणि मग सगळं गाव झोपलेलं असताना त्या टापा एका सुरात वाजत राहायच्या. मी त्या आवाजावर झोपी जायचे. त्या वयात तो मला जगातला सगळ्यात भरवशाचा आवाज वाटायचा, कारण तो कधी थांबत नसे, कधी बदलत नसे. फार पुढे, चंद्रीची मान खाजवत उभी असताना एकदा मनात आलं की ज्या आवाजावर मी इतकी निर्धास्त झोपले, तो कुणाच्या तरी कामाचा आवाज होता. आपल्या मौजेसाठी टाकलेलं एकही पाऊल त्यात नसेल.

चंद्रीला उडी शिकवावी असं वाटण्याचं कारण एवढंच. तिला कुठल्या स्पर्धेत न्यायचं नव्हतं, तिच्याकडून काही मिळवायचं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या आनंदात चाललेल्या या घोडीला एखादी गोष्ट नुसती हौस म्हणून करता यावी, एवढंच मनात होतं.

आमच्याकडे घोड्यांचं सगळं पाहणारे मामा यावर बराच वेळ काही बोलले नाहीत. खरारा करत राहिले. मग म्हणाले, "ताई, म्हाताऱ्या माणसाला नवं गाणं शिकवता येतं. पण आवाज त्याचाच धरावा लागतो."

म्हणून आधी डॉक्टर आले. त्यांनी तिचे गुडघे, मागच्या पायांचे ढोपर, टाचेवरच्या कंडरा बोटांनी चाचपून पाहिल्या, एकेक पाय दुमडून धरला आणि सोडल्यावर लगेच पळवून पाहिलं. वय झालेल्या घोड्याच्या सांध्यांत झीज असते, कंडरांची लवचीकता कमी झालेली असते, आणि उडीनंतर सगळा भार आधी पुढच्या एका पायावर येतो. त्या पायांची रचना फार विलक्षण आहे. आपल्या गळ्याखाली असतं तसं आडवं हाड घोड्याला नसतंच. त्याचे पुढचे पाय धडाला हाडानं जोडलेले नसतात, स्नायूंच्या झोळीत त्याची छाती तोललेली असते. हे कळल्यापासून मी कुठल्याही घोड्याच्या खांद्यावर हात ठेवताना जरा हळुवार झाले आहे. नालबंदानं तिचे रस्त्यावरचे जाड, गुळगुळीत नाल काढले, वाढलेले खूर कापून सारखे केले. मैदानात नदीची वाळू मिसळली होतीच. पाऊस ओसरला होता, कडेनं तेरडा फुलला होता, आणि जमिनीत पाऊल रुतणार नाही पण पावलाला लागणारही नाही इतपत ओल होती.

पहिल्या दिवशी जमिनीवर एकच वासा ठेवला. निलगिरीचा, सोललेला, पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचा. घोड्याला लाल आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. पिवळा आणि निळा दिसतो, पांढरा तर उठूनच दिसतो. खोगीर नाही, लगाम नाही, नुसती मोरकी आणि लांब दोर. चंद्री वाशापाशी आली आणि थांबली. तिनं मान खाली घातली.

ती मान खाली जाणं मी विसरू शकत नाही. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, जवळजवळ सगळं क्षितिज त्याला एकाच वेळी दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोरची, नाकाखालची जागा मात्र त्याला दिसत नाही. समोरच्या वस्तूचं अंतर जोखायचं तर त्याला मान वरखाली करावी लागते, आणि उडीच्या अगदी शेवटच्या क्षणी तो अडथळा त्याच्या नजरेतून निसटलेला असतो. आधी पाहिलेल्यावर विश्वास ठेवूनच तो जमीन सोडतो. ज्या घोडीची मान वर्षानुवर्षं वर बांधलेली होती, ती आता आपल्या मनानं खाली वाकून एका काठीचा वास घेत होती. नाकपुड्या फुलल्या. तिनं एक लांब फुंकर घातली, वाशावरची माती उडाली. कान पुढे आले, मागे गेले, पुन्हा पुढे आले. कुणी काही बोललं नाही. दयाळ पक्षी बोलत होता, तेवढंच.

मग मामा दोर सैल सोडून तिच्या पुढे झाले आणि स्वतःच तो वासा ओलांडून पलीकडे गेले. वळले नाहीत, दोर ओढला नाही, नुसते पाठमोरे उभे राहिले. चंद्रीनं क्षणभर विचार केला आणि एक पाय उचलला, गरजेपेक्षा कितीतरी उंच उचलला, आणि पलीकडे ठेवला.

सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वी झेनोफन नावाच्या ग्रीक सेनानीनं घोड्यांवर एक ग्रंथ लिहिला. उडीची सवय नसलेल्या घोड्याला चर ओलांडायला कसं शिकवावं हे त्यात आहे: दोर सैल धरावा आणि आधी आपण ओलांडून जावं. मामांनी झेनोफनाचं नावही ऐकलेलं नव्हतं. पण ज्याला घोड्याचं भय कळतं त्याला ही गोष्ट कुठल्याही शतकात, कुठल्याही देशात आपोआप सुचत असावी. जे दुसऱ्यानं करावं असं वाटतं, ते आधी आपण त्याच्या डोळ्यांसमोर करून दाखवावं, आणि मग वाट पाहावी. वाट पाहणं हाच यातला मोठा भाग.

मग दिवस असेच, न मोजता, जात राहिले. आधी बराच वेळ नुसतं चालणं, अंग तापेपर्यंत, मानेची शीर सैल होईपर्यंत. म्हाताऱ्या सांध्यांना घाई सोसत नाही. मग एकाचे दोन, दोनाचे चार वासे. चालीसाठी अडीच-पावणेतीन फुटांवर, दुडकीसाठी चार-साडेचार फुटांवर, आणि चंद्रीचं पाऊल आखूड म्हणून आमचे चारापेक्षा थोडे कमीच. वासे तिच्या पावलांना जुळवून ठेवायचे, तिची पावलं वाशांना जुळवायची नाहीत, हा मामांचा दंडक. वासा पायाखाली गोल फिरला तर घोट्याला इजा होते, म्हणून दोन्ही टोकांना मातीचे छोटे उंचवटे केले होते. कधी खूर लाकडाला घासायचा, टक्क असा कोरडा आवाज यायचा आणि पुढच्या खेपेला ती पाय जास्त उचलायची. कुणाला काही सांगावं लागत नसे. लाकूडच तिला शिकवत होतं.

आणि एका सकाळी मला तो आवाज ऐकू आला. किंवा आवाजाचं नसणं ऐकू आलं म्हणू. मी पाठीवर होते. चार वाशांवरून दुडकी चालली होती, आणि त्या तुटक, दबकलेल्या, लग्नाच्या गर्दीत घडलेल्या चालीतून अचानक एक मोकळी लय उघडली. दोन पाय, आणि मध्ये अवकाश. दोन पाय, आणि मध्ये अवकाश. पाठ माझ्याखाली फुगून वर आली, मान लांब झाली, आणि मधल्या त्या शांततेत ती मला वर धरून ठेवू लागली. 1878 साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजनं धावत्या घोड्याची ओळीनं छायाचित्रं काढली. तोवर चित्रकार भरधाव घोडा रंगवायचे तो पुढचे पाय पुढे आणि मागचे मागे ताणलेला. छायाचित्रांत दिसलं की तो हवेत असतो तेव्हा त्याचे चारही पाय पोटाखाली एकत्र आलेले असतात. हवेत असताना तो स्वतःला जवळ घेतो. मला हे फार आवडतं. चंद्री भरधाव नव्हती, दुडकत होती, तरी तीही स्वतःला जवळ घेते आहे असं मला मांडीखाली वाटत होतं.

त्यानंतरच मग दोन वासे एकमेकांवर तिरपे टेकवले, मध्यभागी फूटभर उंचीचे. त्याच्या अलीकडे नऊ फुटांवर जमिनीवर एक वासा, म्हणजे पाऊल कुठे टाकायचं याची काळजी तिला पडू नये. एवढी उंची घोड्याला तसं पाहिलं तर काहीच नाही. मोठं पाऊल टाकलं तरी ओलांडता येते. स्वाराचं काम त्याहून सोपं आणि म्हणूनच अवघड: आड यायचं नाही. एकेकाळी उडी घेताना स्वार मागे रेलत आणि लगाम आवळत. फेडेरिको काप्रिली नावाच्या इटालियन घोडदळातल्या कॅप्टननं मोकळे घोडे उडी कशी घेतात ते पाहिलं आणि स्वारांना सांगितलं की पुढे झुका, हात सैल सोडा, घोड्याला त्याची मान त्याच्या मनासारखी वापरू द्या. 1907 साली, चाळिशीही गाठायच्या आत, घोड्यावरून पडूनच तो गेला; पण आज जगात कुठेही घोडा उडी घेतो तेव्हा त्याच्या पाठीवर काप्रिलीची ती दया असते. मी लगाम सोडला आणि चंद्रीची आयाळ मुठीत धरली.

ती दुडकत आली. कान पुढे. जमिनीवरचा वासा ओलांडला, आणि मग टापांमधली ती खाली आली. लांब, शुभ्र, श्वास रोखलेली. बँड नाही, फटाके नाहीत, कुणाच्या नावाचा जयघोष नाही. माझ्या हाताखाली तिची आयाळ, तिच्याखाली काहीच नाही. आणि मग वाळूवर आधी एक पाय, मग दुसरा, मग तिचं ते फुरफुरणं, छातीच्या तळापासून आलेलं, लांब, ओलसर. ती चार पावलं आपणहून दौडली. लग्नातल्या घोडीला दौडायला मनाई असते.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. का ते तेव्हा मला सांगता आलं नसतं.

आता वाटतं, मला ते सगळे आठवले होते ज्यांना काही शिकायचं राहून गेलं. माझी आई साठीनंतर पेटी शिकायला बसली तेव्हा घरच्यांनी प्रेमानंच विचारलं होतं की आता कशाला. तिला त्याचं उत्तर देता आलं नाही, कारण उत्तर नव्हतंच. बोटं पट्टीवर पडली की तिचा चेहरा उजळायचा, एवढंच होतं. उपयोगाचं शिक्षण तरुणपणी पोटासाठी घ्यावंच लागतं. बिनउपयोगाचं शिक्षण मात्र उतारवयातच खरं फळतं, कारण तेव्हा त्याच्या मागे कुणी छडी घेऊन उभं नसतं.

घोड्यांच्या जगात उशिरा उमललेल्यांच्या गोष्टी आहेत. चिलीमध्ये हुआसो नावाचा घोडा होता. शर्यतीत तो कधी चमकला नाही, मग त्याच्याकडून इतर कसरती करवून पाहिल्या गेल्या. 5 फेब्रुवारी 1949 रोजी विन्या देल मार इथे, वय पंधरा उलटलेलं असताना, कॅप्टन आल्बेर्तो लारागिबेलला पाठीवर घेऊन त्यानं 2.47 मीटरची उडी घेतली आणि तो उच्चांक अजून कुणाला मोडता आलेला नाही. अमेरिकेतला स्नोमॅन हा नांगराचा घोडा. 1956 साली कत्तलखान्याच्या गाडीत चढलेला असताना हॅरी डी लायर या घोडेस्वारी शिकवणाऱ्या माणसानं त्याला 80 डॉलरला सोडवून आणलं. जमिनीवरच्या वाशांना अडखळणारा तो घोडा दोन वर्षांत न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये विजेता ठरला. या गोष्टी मी चंद्रीच्या ठाणाशी बसून मनात घोळवल्या आहेत. पण त्यांतलं मला भावतं ते यश नाही. हुआसोच्या त्या जुन्या छायाचित्रात भिंतीएवढ्या अडथळ्यावर तो हवेत आहे, आणि क्षणभर त्याच्यावर कुणाचीच मालकी नाही. चंद्रीचा अडथळा फूटभर उंच होता; पुढे दीड फूट झाला, आणि तिथेच राहिला. तेवढ्या उंचीवरही तो क्षण पुरता मिळत होता.

हळूहळू तिच्यात जे बदललं ते बारीक होतं. खोगीर दिसलं की ती पूर्वी नजर आत वळवून उभी राहायची, कामाला लागलेल्या जनावराची ती जुनी अनुपस्थिती. आता ती मान वळवून खोगिराकडे बघू लागली. मैदानाच्या फाटकाशी कान टवकारू लागली. एकदा चंदी खाऊन झाल्यावर तिला मोकळी सोडली होती, पाठीवर कुणी नव्हतं, दोरही नव्हता, आणि ती रमतगमत वाशांपाशी गेली, क्षणभर थबकली, आणि आपणहून त्यांच्यावरून उडी मारून पलीकडचं गवत खाऊ लागली. मामा खरारा हातात धरून बघत राहिले. "आता हे तिचं झालं," ते म्हणाले.

आणि तिची ना देखील आम्ही ऐकायला शिकलो. थंडीत एखाद्या सकाळी मागचा पाय जरासा ओढला जायचा, शेपूट आवळली जायची, दुडकीतली ती मधली जागा अरुंद व्हायची. टापा सगळं सांगतात. अशा दिवशी आम्ही नुसतं बांधाबांधानं फिरून यायचो, ज्वारीच्या पात्यांवरचं दव तिच्या गुडघ्यांना लागायचं, आणि त्यातही काही उणं वाटत नसे.

चंद्री आता विशी ओलांडून गेली आहे. उड्या थांबवून बराच काळ झाला. सांध्यांनी सांगितलं, आम्ही ऐकलं. तिला अजून भूक आहे, अजून झोप आहे, फाटक उघडं दिसलं की अजून कान पुढे येतात. घोडे पंचवीस-तीस वर्षं जगू शकतात, पण बहुतेकांचं आयुष्य त्यांच्या कामाइतकंच मोजलं जातं, आणि काम संपलं की त्यांच्याकडे बघायला कुणाला सवड नसते. बाजारातून, वरातीतून, शर्यतीतून, डोंगरावरच्या सहलींतून निवृत्त झालेले असे घोडे आपल्या आसपास आहेत.

असा एखादा घोडा तुमच्या आयुष्यात आला, तर त्याचं वय ऐकून त्याला नुसतं खुंट्याला बांधून ठेवू नका. डॉक्टरांना दाखवा, नालबंदाला बोलवा, मऊ जमीन शोधा, आणि एक वासा जमिनीवर ठेवा. आधी तुम्ही ओलांडा. आठवड्यातून दोनदा पुरे, प्रत्येक वेळी थोडंच. उंची किती असावी हे त्याला ठरवू द्या, आणि त्याला अजून एकदा जावंसं वाटत असतानाच थांबा.